डी-सात, सप्रेम भेट

५ नोव्हेंबर

धाकटे,

मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. जागा : संस्थेचं दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह. तक्रार लिहायची तर तारीख आणि वेळ आधी, विशेषणं नंतर, असं आपल्याला नन्सनी शिकवलं. तू माझ्यामागे चार इयत्ता होतीस, पण शिकवणाऱ्या त्याच होत्या. म्हणून आधी तारीख. विशेषणं येतीलच.

संस्थेने मूल्यमापनासाठी बाहेरून बोलावलेली तज्ज्ञ म्हणून तू आत आलीस तेव्हा मी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. निवृत्त विभागप्रमुखाला अशा बैठकीला बोलावतात ते भिंतीवर फोटो लावावा तसं. चहा पाजतात आणि वेळेत घरी पाठवतात. सहा वर्षांनी तुला पाहत होते. केस कापलेस. बरे दिसतात. हे तक्रारीत धरू नये.

अकरा वीसला तुझा तक्ता पडद्यावर आला. आमच्या इम्युनॉलॉजी विभागात गेल्या तीस वर्षांत काम केलेले सगळे शास्त्रज्ञ, एकाखाली एक. प्रत्येकापुढे तीन आकडे : शोधनिबंध किती छापले, इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचे दाखले किती वेळा दिले, आणि तिसरा तो एच-इंडेक्स. समोर बसलेल्या हिशेबखात्याच्या दोघांना तू तो किती गोड आवाजात समजावून सांगितलास! "समजा, एखाद्याचे वीस निबंध असे आहेत की त्यांतल्या प्रत्येकाचा दाखला निदान वीस वेळा दिला गेलाय. तर त्याचा इंडेक्स वीस." दोघांनी माना हलवल्या. मग तुझा लाल ठिपका घसरत घसरत तळाशी आला आणि माझ्या नावावर बसला, माशी बसते तसा.

"इथे तेरा. अडतीस निबंध, म्हणजे वर्षाला सव्वा. विभागाच्या पेशींच्या टाकीवर खर्च चालू, त्यातून निबंध शून्य. शिफारस : टाकी बंद करावी."

मी हात वर केला. एवढंच विचारलं, "यात वाटून दिलेलं कुठे धरलंय?"

तू चष्म्यावरून पाहिलंस. मला ओळखलंस. ओळखलंस, कारण तुझा डावा कान लाल झाला. खोटं बोलायच्या आधी तो लहानपणापासून होतो. आणि म्हणालीस, "प्रश्न शेवटी घेऊ, मॅडम."

मॅडम! शाळेत जाताना रोज ज्या बाईने तुझ्या वेण्या घातल्या, तुझ्या गळक्या नाकासाठी स्वतःचा रुमाल दिला, ती मॅडम! आणि शेवटी प्रश्न घेतलेच नाहीस. चहा आला, बिस्किटं आली, तू घड्याळ पाहिलंस आणि गेलीस.

आकड्यांचं मला काही पडलेलं नाही. मी निवृत्त आहे, सकाळी फिरते, दुपारी झोपते. पण माझा प्रश्न अजून सभागृहात हात वर करून उभा आहे. त्याचं उत्तर लेखी हवं.

ताई
(मागची रांग, दाराजवळची खुर्ची)


११ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. तुझं म्हणजे तुझ्या मदतनिसाचं. अडीच ओळी, खाली तुझ्या सहीचा शिक्का. "मूल्यमापनाची पद्धत सर्व शास्त्रज्ञांना समान लागू केलेली आहे. आपल्या अभिप्रायाची नोंद घेण्यात आली आहे." नोंद घेतलीत, उपकार झाले. सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पाठवायला काळीज लागतं, आणि ते तुला आहे. डॉक्टरांनी तुझ्या हृदयाबद्दल उगाच शंका घेतली होती.

आधी एक चूक दुरुस्त कर. तेरा नव्हे, चौदा. ऑगस्टमध्ये माझ्या एका जुन्या निबंधाचा चौदावा दाखला कुणीतरी दिला. मी सहज पाहिलं होतं.

आता "समान पद्धत". शिवणाचा तास आठव. वर्षअखेरीला सिस्टर टेबलावर रुमाल मांडायच्या आणि मोजायच्या. तुझे चौदा, माझे नऊ. तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता, कारण तुला चष्मा लागलाय हे तोवर घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तू सुयांचा जुडगा घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी उभी राहायचीस आणि मी डबा बाजूला ठेवून एकेक ओवून द्यायचे. बक्षीस तुला मिळालं. मी टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत. सिस्टरांनी काही चूक केली नव्हती. पद्धत सर्व मुलींना समान लागू होती. रुमाल मोजायचे, बस्स. तू तेव्हाच हे शिकलीस वाटतं.

मी काय वाटून दिलं ते तुला माहीत आहे. पण तुझ्या मदतनिसाला माहीत नसेल आणि पत्र आधी तोच उघडणार, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. ऐक रे बाबा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी शेकडो तऱ्हांच्या असतात आणि दिसायला सगळ्या जवळपास सारख्या. हवी ती तऱ्हा वेचून काढायला एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, लागतं, जे फक्त तिलाच जाऊन चिकटेल. असं प्रतिपिंड सतत तयार करत राहणारी पेशी मिळवायची तर शहाण्णव खळग्यांची एक प्लॅस्टिकची ताटली असते. अशा ताटल्यांवर ताटल्या लावायच्या आणि महिनोन् महिने एकेक खळगा तपासायचा. बहुतेक खळगे फुकट जातात. मला मिळालेली पेशी डी ओळीतल्या सातव्या खळग्यात होती, म्हणून तिचं नाव डी-सात. देवाने दिलं तर बाळाचं नावही इतक्या सहज ठेवू नये, असं आई म्हणाली होती. तू हसली होतीस.

डी-सात मी छापली, म्हणजे तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. आणि आमच्या धंद्यातली एक रीत आहे : छापलेली पेशी कुणीही मागितली तर नाही म्हणायचं नाही. पैसे घ्यायचे नाहीत, निबंधात नाव मागायचं नाही. घेणारा आपल्या निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहितो, "डी-सात ही अमुक अमुक यांची सप्रेम भेट." लग्नातल्या घड्याळावर लिहितात तसं. मी किती ठिकाणी डी-सात पाठवली ते मला सांगता येणार नाही. मी मोजली नाही. तिच्यावर लोकांचे संसार उभे राहिले : डॉक्टरेट झाल्या, बढत्या झाल्या, एका आजाराची तपासणी तिच्यावर चालते. पण तुझं यंत्र निबंधाच्या शेवटची संदर्भयादी वाचतं. तिच्या वरचे आभार वाचत नाही. तुझ्या हिशेबात सप्रेम भेट म्हणजे शून्य.

आज विभागात गेले होते. टाकीपाशी चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे माझी विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख, पन्नाशी उलटली तरी आवाज तोच. टाकीत द्रवरूप नायट्रोजन असतो, तो रोज थोडा थोडा उडून जातो, वरून भरत राहावा लागतो. नाही भरला तर आतल्या सगळ्या पेशी मेल्या.

"मॅडम, नायट्रोजनची मागणी थांबवलीय," चिमणी म्हणाली. (ही मॅडम म्हणते ते शोभतं.) "हिशेबखातं म्हणतं, अहवाल मंजूर व्हायचाय, तोवर नवा खर्च नको."

"मंजूर कधी होणार?"

"एक डिसेंबरला. सोमवारी. नियामक मंडळापुढे."

"आणि तोवर?"

तिने मोजपट्टी टाकीत घालून पाहिली, बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं नाही. "झाकण कमी वेळा उघडायचं, मॅडम."

तुझ्या अडीच ओळींचा अर्थ हा असा आहे. चाळीस वर्षांच्या पेशी एका झाकणाच्या भरवशावर आहेत. पुन्हा विचारते, या वेळी मदतनिसाला वगळून : वाटलेलं कुठे धरलंय?

ताई


१७ नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर नाही. ठीक. मग त्या निळ्या ओळीबद्दल बोलू.

तुझ्या तक्त्याच्या डोक्यावर, आमच्या सगळ्यांच्या वर, एक निळी ओळ होती. "तुलनेसाठी मानदंड." बाहेरच्या एका संस्थेतला शास्त्रज्ञ, एच-इंडेक्स एकसष्ट. खाली बारीक टीप : हितसंबंधांमुळे त्या संस्थेचं मूल्यमापन केलेलं नाही. केवढा प्रामाणिकपणा! स्वतःच्या नवऱ्याला मापलं नाहीस. फक्त त्याच्याच पट्टीने आम्हाला मापलंस.

मेहुण्यांवर माझा राग नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, चांगलं दिसतं, राहू दे.

तुझ्या लग्नाची सुरुवात कुठून झाली ते तू लोकांना सांगतेस तेव्हा "एका प्रयोगशाळेत ओळख झाली" एवढंच सांगतेस. पुढचं मी सांगते. तू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतीस. कडाक्याची थंडी होती. मेहुणे तेव्हा नोकरीला नवे नवे लागलेले, त्यांना डी-सात हवी होती आणि मला ताप होता. पेशींची बाटली काठोकाठ भरून, टोपण चिकटपट्टीने बंद करून, अंगाच्या उबेत न्यावी लागते. गार पडली की संपलं. मी तुला विचारलं. तू माझा राखाडी स्वेटर घातलास, आत बाटली खोचलीस आणि रात्रभराचा प्रवास करून गेलीस. परत आल्यावर मला म्हणालीस, "ताई, मी झोपलेच नाही गं. पोटाशी मांजराचं पिल्लू धरून बसावं तशी बसले होते. शेजारची बाई विचारत होती, कितवा महिना?" आपण दोघी इतक्या हसलो की आई ओरडली.

मग म्हणालीस, "ते उंच आहेत." मी विचारलं, "कोण?" तर कान लाल.

त्या बाटलीवर मेहुण्यांनी जो निबंध लिहिला त्याचे दाखले चार हजारांवर गेलेत. चांगला निबंध आहे. मी तो पुन्हा वाचला, दोष काढायलाच बसले होते, फारसे निघाले नाहीत. शेवटी आभारात आहे : "डी-सात, सप्रेम भेट", आणि माझं नाव. पण डी-सात कशी तयार झाली ते सांगणाऱ्या माझ्या निबंधाचा दाखला त्यात नाही. राहून गेला म्हणे. पुढे लोक डी-सात त्यांच्याकडेच मागायला लागले, ते जवळचे होते, मोठे होते. त्यांनी वाटली. आता आभारात त्यांचं नाव येऊ लागलं, आणि डी-सात कुठली हे सांगायला लोक त्यांच्या निबंधाचा दाखला देऊ लागले. माझी भेट, त्यांच्या हातून, त्यांच्या खात्यात. तुझ्या निळ्या ओळीतला एकसष्टावा निबंध कुठला आणि पहिला कुठला मला माहीत नाही, पण त्यातले बरेचसे त्या खळग्यातून आले आहेत.

हे मी तीस वर्षांत कधी बोलले? नाही. घरातलं माणूस, बहिणीचा संसार, जाऊ दे म्हटलं. मग माझ्या निरोपाच्या समारंभाला मेहुणे भाषणाला उभे राहिले. आठवतंय? "ताईंच्या हाताला गुण आहे. काहीही लावलं तरी जगतं." सभागृह हसलं. जणू मी कुंड्यांना पाणी घालत होते! आणि टाळ्या कोणी सुरू केल्या? पहिल्या रांगेतून, तू. मी भेटवस्तू टेबलावरच ठेवून निघून आले. तू मागे आली नाहीस. त्यानंतर सहा वर्षं तू फोन केला नाहीस, मी केला नाही. लोकांना वाटतं आपलं घरावरून भांडण झालं. कुणाला सांगायचं की टाळ्यांवरून झालं?

पण ते तुझं-माझं. टाकी तुझी-माझी नाही. तुला राग काढायचा तर माझ्यावर काढ, पेशींवर नको.

ताई


२३ नोव्हेंबर

धाकटे,

काल तुझा फोन आला. सहा वर्षांनी. मी दोनदा वाजू दिला, मग उचलला. इतकं तर माझं चालतं.

झालेलं बोलणं इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोण काय म्हणालं यावरून वाद नको.

तू म्हणालीस, "ताई, कशी आहेस?"

मी म्हणाले, "मॅडम बऱ्या आहेत."

"अगं, सभेत कसं म्हणणार ताई? लोक काय म्हणाले असते?"

"लोक म्हणाले असते, हिला बहीण आहे."

मग तुझ्याकडे कुकर नाही तर काहीतरी शिटी मारत होतं. मग म्हणालीस, "तू सगळं मनाला लावून घेतेस."

"लेखी पाठव."

"ताई, फोनवर बोलतेय ना मी!"

"फोनवर तुझा कान दिसत नाही."

तेव्हा तू हसलीस. हसू आवरलंस, पण आलं होतं. आणि मग, एकदम खालच्या आवाजात, खरं काम निघालं : "त्यांचा फ्रीझर गेला, ताई. सुट्टीत वीज गेली, कुणाला कळलं नाही. सगळं वितळलं. त्यांच्याकडे डी-सात उरली नाही. ते तुला विचारू शकत नाहीत."

ज्या टाकीत निबंध शून्य, ती बंद करा अशी तू शिफारस केलीस, त्याच टाकीतून मानदंडाला भेट हवी! तुला यातलं विनोदाचं अंग दिसलं का, ते मी फोनवर विचारलं नाही. आता विचारते.

मी म्हणाले, "बघते," आणि ठेवला.

आज रविवार असूनही विभागात गेले. चिमणी तिथेच होती. मेहुण्यांच्या मदतनिसाची विनंती तिच्याकडे बुधवारीच आली होती; मला सांगायला धजली नव्हती. मी म्हणाले, "देऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदा सांगते, नाही म्हण. म्हणावं, टाकीची शिफारस वाचा."

चिमणीने डोळ्याला डोळा भिडवला. "मॅडम, तुम्हीच शिकवलंत. छापलेलं कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही."

"मी शिकवलेलं सगळंच ऐकायला हवं असं नाही."

"ऐकलंय खरं," ती म्हणाली. "गुरुवारीच टाकीतली एक कुपी वितळवून वाढायला लावलीय." आणि तिने उबवणीच्या कपाटाचं दार उघडलं. आत बाटली आडवी. मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गोल, स्वच्छ, चकचकीत, जोड्याजोड्यांनी वाढताहेत. डी-सात. इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलेलंच नाही की तिचा इंडेक्स किती.

मला चष्मा पुसावा लागला. वाफ धरली होती.

तर आता नीट वाच.

बाटली मिळेल. ती मी अडवणार नाही, रीत मोडायला माझं वय झालं. शुक्रवारपर्यंत ती भरेल. त्यानंतर बाटलीत जागा उरत नाही आणि पेशी एकमेकींना मारायला लागतात. पोचवायला माणूस देणार नाही आणि मेहुण्यांचा मदतनीस आला तर त्याला देणार नाही. थंडी पडलीय. राखाडी स्वेटर माझ्याकडे आहे. कोपरावर विरलाय, पण बाटली बसते. लेबल मी माझ्या हाताने लिहीन. या वेळी त्यावर "भेट" लिहीन. "सप्रेम" लिहायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

आणि बाटली मिळाली म्हणून तुझी सुटका झाली असं समजू नकोस. मला तुझ्याकडून माफी नको, माफी बोलून चालते आणि विसरून जाते. अहवालाला जोडायचं एक पान हवं, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, शिक्का नको. त्यात लिही की तुझ्या पद्धतीने छापलेलं मोजलं, वाटलेलं मोजलं नाही. लिही की मानदंड म्हणून घेतलेल्या शास्त्रज्ञाचा सर्वांत गाजलेला निबंध या टाकीतल्या पेशीवर उभा आहे, आणि ती पेशी पहिल्यांदा कोणी पोचवली तेही लिही. लिही की या आकड्यांवरून टाकी बंद करावी असं ठरवता येत नाही. माझ्या तेराचे चौदा केले नाहीस तरी चालेल. (केलेस तर बरं.)

पान आलं नाही तर सोमवारच्या मंडळाच्या बैठकीत मी शेवटच्या रांगेत बसणार नाही. उभी राहून ही चारही पत्रं वाचीन, वेण्यांपासून. प्रश्न शेवटी घेऊ असं मला तिथे म्हणणारं कुणी नसेल. तिथला अध्यक्ष माझा विद्यार्थी आहे आणि मला घाबरतो.

आज चिमणीने पुन्हा पट्टी घालून पाहिली. नायट्रोजन चार बोटं उरलाय.

उत्तर लेखी हवं. शुक्रवार, २८ नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत, माझ्या हातात. वर "मॅडम" लिहिलेलं असेल तर उघडणार नाही. काय लिहायचं ते तुला ठाऊक आहे.